रोजच्या वापराला छोटी, चपळ गाडी: बेळगाव भागात निवडायची कशी

उसाच्या हंगामात संध्याकाळी सातनंतर उगार-कागवाड रस्त्यानं किंवा निपाणीहून चिकोडीकडे एकदा जाऊन बघा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. वेग ताशी वीस. समोरून मोटरसायकली, टेम्पो, कधी महाराष्ट्राची एसटी तर कधी कर्नाटकाची बस येतच असते. मध्येच एक मोकळा पट्टा मिळतो, तेवढ्यात ती सगळी लांबी पार करून आपल्या बाजूला परत यायचं असतं. तुम्ही ८० वर आणि समोरचा ६० वर असेल, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ३९ मीटरनं खपतं. गाडीनं एक सेकंद उशीर लावला तर त्याची किंमत ३९ मीटर.

शोरूममधला पोरगा तुम्हाला शून्य ते शंभर किती सेकंदांत ते सांगेल. आपल्याकडे शून्यापासून शंभरपर्यंत एका दमात जायला रस्ता कुठाय? आपल्याला लागतो तो तीसवरून ऐंशीला नेणारा जोर, चार माणसं आणि डिकीत सामान असताना, चढावर, पावसात. स्पोर्टी गाडी घ्यायची तर ती याच्यासाठी घ्या. बाकी लाल शिलाई, काळं छप्पर, दोन तोंडांचा सायलेन्सर हे सगळं दिसण्यापुरतं.

मी आणि माझा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगचं युनिट चालवतो. कामासाठी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसी, कधी चोर्ल्यातून उतरून गोव्यात वेर्णा, आणि सासर गडहिंग्लजला. त्यामुळे रोज गावात आणि आठवड्यातून एकदा तरी गावाबाहेर, असं माझं ड्रायव्हिंग. चालवते पोलो, १.० टीएसआय, म्हणजे एक लिटरचं, हवा दाबून आत घेणारं टर्बो इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. नातेवाइकांत कुणाला गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो. अलीकडे भाच्यानं केला होता. "अगं आत्या, एकशेवीस पीएस आहे की तिला!" म्हटलं, असू दे. किती आरपीएमला आहे ते वाच आधी.

पीएस नंतर, टॉर्क आधी

ब्रोशरवरचा पीएसचा, म्हणजे इंजिनच्या जास्तीत जास्त ताकदीचा आकडा, इंजिन साडेपाच-सहा हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) ओरडत असतानाचा असतो. रोजच्या गाडीत तिथपर्यंत आपण क्वचित जातो. टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या ओढीच्या, ओळीत मात्र दोन गोष्टी वाचायच्या: किती एनएम (हे टॉर्कचं माप), आणि कितीपासून किती आरपीएमपर्यंत. आय-ट्वेंटी एन लाइनचं ९९८ सीसीचं टर्बो इंजिन १२० पीएसचं आहे खरं, पण कामाचं हे की तिचा १७२ एनएम टॉर्क १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत एकसारखा मिळतो. म्हणजे ट्रॉलीमागे तिसऱ्या गिअरमध्ये रखडत असाल तरी पाय दाबल्यावर गाडी उठते. जून २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर त्याच जातीची: १.२ लिटर टर्बो, १२० पीएस, १७० एनएम, सहा गिअर मॅन्युअल. ती नवी हातात मिळते का ते आधी विचारून घ्या, मगच स्वप्नं बघा.

स्विफ्टचं गणित वेगळं. मे २०२४ पासूनच्या स्विफ्टला १.२ लिटरचं साधं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन आहे. ८२ पीएस, ११२ एनएम, आणि तो टॉर्क ४३०० आरपीएमला. कागदावर ती मार खाते. पण तिचं वजन हजार किलोच्या आत आहे आणि कॅम्पातल्या वळणांवर एकटं माणूस बसून चालवत असेल तर तिच्यासारखी मजा महागड्या गाडीत येत नाही. आंबोलीच्या चढावर चार जण बसले की मात्र दुसरा गिअर, इंजिनचा आवाज आणि संयम, तिन्ही लागतात.

यात आपल्या उंचीचाही हिशोब आहे आणि तो शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा पणजीपेक्षा सातेक टक्के विरळ. साधं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळणार, त्यामुळे त्याची ताकद त्याच प्रमाणात उतरते. टर्बो हवा दाबून आत घालतो, म्हणून त्याला हा फटका फारसा बसत नाही. ब्रोशरमधले आकडे वाचताना स्विफ्टच्या ८२ मधून पाच-सहा मनातल्या मनात वजा करा.

आता टर्बोची दुसरी बाजू. १५०० आरपीएमच्या खाली छोटं टर्बो इंजिन अगदी मरगळलेलं असतं. आपल्या गावागावांत पट्टे न मारलेले हम्प. बाची झालं, शिनोळी झालं, पुढे पाटणे फाटा. प्रत्येक ठिकाणी गाडी दहावर आणायची आणि परत उचलायची. तिसऱ्यात ठेवून टर्बो उचलेल अशी आशा करू नका, दुसरा टाकावाच लागतो. स्विफ्टसारखं साधं इंजिन इथं जास्त गोड चालतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: रोज शहापूर ते टिळकवाडी आणि वर्षातून दोनदा गोवा असं असेल तर स्विफ्ट घ्या, पैसे वाचवा. आठवड्याला एखादा घाट किंवा एकपदरी रस्ता असेल तर टर्बोशिवाय विचार करू नका.

डिझेलबद्दल विचारणारे अजून भेटतात. जुन्या स्विफ्ट डिझेलचा १९० एनएम टॉर्क ज्यानं चालवला त्याला तो विसरत नाही, पण ती एप्रिल २०२० पासून बंद. हॅचबॅकमध्ये डिझेल आता जवळजवळ उरलेलंच नाही.

एवढीशी इंजिनं का

लोक विचारतात, सगळ्या छोट्या गाड्या १.० आणि १.२ लिटरमध्येच का अडकल्यात. कारण कर. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर ती छोटी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांवर ४०. म्हणून कंपन्यांनी इंजिन लहान ठेवून त्याला टर्बो लावला. ही रेघ ओलांडणारी फियाट अबार्थ पुंटो २०१५ साली आली होती, १३६८ सीसी, १४५ पीएस. चालवणाऱ्यांनी डोक्यावर घेतली, घेणारे थोडे. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आयात होऊन आली ती ५३ लाखांना. तेवढ्यात आमच्या भागात दोन एकर जमीन बघतात लोक.

तीन सिलेंडर: हात ठेवून बघा

हा विषय माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून जरा रेंगाळते. एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, नवी स्विफ्ट, माझी पोलो, सगळ्या तीन सिलेंडरच्या. स्विफ्टसुद्धा २०२४ पासून चारावरून तीनावर आली. तीन सिलेंडरचा क्रँक व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून टोकाकडून बघितला तर पिस्टनचे रॉड बसतात त्या त्याच्या तीन पिना पंख्याच्या पात्यांसारख्या १२० अंशांवर दिसतात. वरखाली जाणारे धक्के त्या एकमेकींत जिरवतात. पण पिना एका रेषेत, एकामागे एक असल्यामुळे क्रँकचं पुढचं टोक वर ढकललं जातं तेव्हा मागचं खाली, आणि मग उलट. सगळं इंजिन असं डुलत राहतं. कंपन्या त्यासाठी माउंटिंग मऊ करतात, कुणी पुलीवर, फ्लायव्हीलवर वजनं देतात. ज्यांनी हे नीट केलंय त्यांची गाडी उभी असताना कळतसुद्धा नाही.

तपासायचं असं: गाडी गरम होऊ द्या, एसी लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा. एक हात गिअरच्या दांडीवर, दुसरा स्टिअरिंगवर. मग मागच्या सीटवर जाऊन बसा आणि आरशात बघा, मागच्या काचेतलं चित्र थरथरतंय का. एक हजाराच्या आसपास थोडी थरथर चालते. दोन हजारांच्या पुढेही ती राहिली तर त्या गाडीत कोल्हापूरपर्यंत डोकं दुखेल.

टर्बोच्या गाडीला इंजिन ऑईल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घालायचं, बहुतेक वेळा ते पूर्ण सिंथेटिक असतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखावर फेरे घेते आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असते. आम्ही जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रॉनमध्ये मोजून देतो, पण ऑईल हलकं निघालं तर तो मायक्रॉन काही वाचवत नाही. घाट चढून आलात, आंबोलीत चहाला थांबलात, तर लगेच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर राहू द्या, मग बंद करा.

गिअर

डावा गुडघा धड असेल तर मॅन्युअल. चोर्ला घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी अडवून धरायची, ब्रेक फक्त वळणाआधी. हे मॅन्युअलमध्ये सहज होतं. एएमटी (मॅन्युअलचीच पेटी, फक्त क्लच-गिअर मशीन बदलतं) स्वस्त आणि मायलेजला चांगली, पण ओव्हरटेकच्या मध्यावर गिअर बदलायला ती क्षणभर थांबते, आणि नेमका तोच क्षण मघाच्या ३९ मीटरचा. एएमटी घेतलीच तर ओव्हरटेकआधी मॅन्युअल मोडवर टाकून गिअर स्वतः खाली आणायची सवय लावा.

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक पेटी, वेगानं गिअर बदलते, हायवेला सुख आहे. कोरड्या, म्हणजे ऑईलमध्ये न बुडलेल्या, क्लचची असेल तर ती रांगत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. रेल्वे गेट पडलेलं, रांग चढावर, आणि आपण ब्रेक न धरता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीय: त्या पेटीचं आयुष्य कमी करायचा हा खात्रीचा मार्ग. ब्रेक धरा, पुढे पुरेशी जागा झाली की एकदम सोडा. एवढं जमणार असेल तर घ्या. एन लाइन मॅन्युअलमध्येही मिळते, २०२३ पासून सहा गिअरची.

टायर आणि खड्डे

दिसायला सोळा इंची अलॉय छान. एन लाइनला १९५/५५ आर१६ टायर येतात, स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. हे आकडे नुसते वाचून सोडू नका, गुणाकार करा. १९५ चे ५५ टक्के म्हणजे रबराची भिंत १०७ मिलिमीटर. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०. तेरा मिलिमीटरचा फरक. जुलैत जांबोटीच्या पुढे कणकुंबीपर्यंत पाण्यानं भरलेल्या खड्ड्याचा काठ रिमला लागतो की नाही, ते या तेरा मिलिमीटरवर ठरतं. गंमत म्हणजे दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला पंधरा इंची येत असतील तर खड्ड्यांचा रोजचा रस्ता असणाऱ्यानं मोठ्या रिमचा हट्ट धरू नये.

चारही चाकांना डिस्क ब्रेक असेल तर उत्तम, एन लाइनला आहेत. पण पावसात गाडी थांबवतो शेवटी टायर. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानं टायर संपला, आपल्याकडच्या पावसात मी त्याच्या बऱ्याच आधी बदलते. आणि डिकी उघडून स्टेपनी बघा. पुष्कळ गाड्यांत ती बारक्या साईजची असते, म्हणजे पंक्चर झाल्यावर पुढचा घाट सावकाश.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो हे ध्यानात ठेवा. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर. चार माणसं बसली की तो बराच खाली येतो. खानापूर तालुक्यात शेतापर्यंत गाडी नेणाऱ्यांनी हॅचबॅकचा नाद सोडून मारुती फ्राँक्स टर्बो बघितली तरी चालेल, १९० मिलिमीटर आणि १०० पीएस. तिला मी स्पोर्टी म्हणणार नाही, पण तिचं सहा गिअरचं ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑईलमधून ओढ देणारं) आहे, म्हणजे मघाची क्लच तापायची भानगड नाही.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमवाले तुम्हाला कॅम्पातून फिरवतात. सावली, गुळगुळीत डांबर, ट्रॅफिक कमी; तिथं बैलगाडीसुद्धा चांगली वाटेल. तिथून निघून उद्यमबागमार्गे पिरनवाडीकडे न्यायचा आग्रह धरा. तिथले अवजड गाड्यांनी केलेले चढउतार सस्पेन्शनचं खरं-खोटं पाच मिनिटांत करतात. वेळ देत असतील तर येळ्ळूरला राजहंसगडाचा चढ. वळणं घट्ट आणि चढ उभा. दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून गाडी उठते की हुंदके देते ते तिथं कळतं. हायवेचं बघायचं तर वंटमुरी घाट जवळ आहे.

एकटे जाऊ नका. घरातलं सगळ्यात कुरकुर करणारं माणूस मागे बसवा. माझ्याकडे ती जागा आईची. स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन कडक असतं, पुढे बसणाऱ्याला ते घट्ट, विश्वासाचं वाटतं, मागच्याच्या कंबरेला ते लागतं. आईला हम्पवरून तीनदा नेलं. पहिल्या गाडीत ती गप्प होती, दुसऱ्या गाडीत म्हणाली, "यात मी सौंदत्तीला यायची नाही." रेणुकादेवीला वर्षातून एकदा तरी जायचं असतंय, म्हणजे ती गाडी बाद. त्याचबरोबर मागचं दार किती उघडतं, गुडघे दुखणाऱ्याला आत शिरताना डोकं वाकवावं लागतं का, खिडकीची रेघ इतकी वर गेलीय का की पोराला बाहेरचं दिसत नाही आणि मग ओकारी. हे सगळं त्याच फेरीत बघून घ्या. स्विफ्टचं मागचं दार उघडायचा हँडल पूर्वी वर खांबात लपवलेला होता, २०२४ च्या गाडीत तो परत दारावर आलाय. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते बरं.

दुसरी फेरी अंधार पडल्यावर मागा. शोरूम कुरकुरेल, तरी मागा. मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसायला हेडलाइट लागतात, पीएस उपयोगाचे नाहीत. एलईडी दिसायला पांढरेशुभ्र, पण भर पावसात ओल्या डांबरावर किती अंतर दाखवतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

पैसे, आणि सीमेचा हिशोब

दहा लाखांची रेघ लक्षात ठेवा. कर्नाटकात आजीवन कर पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहाच्या वर गेली की १७, त्यावर सेस वेगळा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ आणि दहा ते वीस लाखांना १२ टक्के. म्हणजे अकरा लाखांच्या गाडीला केए-२२ (बेळगाव) मध्ये १,८७,००० आणि एमएच-०९ (कोल्हापूर) मध्ये १,३२,०००. पंचावन्न हजारांचा फरक, सेस धरला नाही तरी. म्हणूनच आपल्याकडे ज्याला त्याला कोल्हापूरचा मामा आठवतो.

मामाच्या पत्त्यावर गाडी घेऊन इथं कायम चालवायची, हे मी कुणाला सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथं नोंदणी करून घ्यावी लागते, आणि ॲक्सिडेंटच्या क्लेमवेळी पत्त्याची चौकशी झाली तर पंचावन्न हजार वाचवल्याचं कौतुक कुणी करत नाही. त्यापेक्षा मॉडेल एक पायरी खाली घ्या. सनरूफ सोडलं की पुष्कळदा गाडी दहाच्या आत बसते. इंजिन तेच असतं. सनरूफपायी तीन टक्के जास्त कर भरायचा आणि पावसाळ्यात चार महिने ते बंद ठेवायचं, हे मला पटत नाही.

इन्शुरन्समध्ये झिरो डेप (क्लेममधून भागांची घसारा-झीज न कापणारं कव्हर) घ्याच, आणि इंजिन प्रोटेक्टही. आपल्या पावसात रस्ता कुठं तुंबेल सांगता येत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. आत पाणी शिरलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग आमच्यासारख्यांकडे काम येतं.

मायलेज टर्बोत तुमच्या पायावर. माझी पोलो हायवेला सतरा-अठरा देते, गावात बारा-तेरा. गोव्याला गेलात तर परतताना टाकी तिथंच भरा, लिटरमागे चार पैसे नक्की सुटतात.

वापरलेली घ्यायची असेल तर

नव्यात निवड थोडी, जुन्यात मजा जास्त. बलेनो आरएस २०१७ ते २०२० मिळायची, १०२ पीएस, चारही डिस्क. मारुतीचीच असल्यामुळे नेहमीचे स्पेअर बेळगावात कुठंही. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. तिच्यात दोन काळ वेगळे ओळखा: २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय चार सिलेंडर १.२, १०५ पीएस, सात गिअरच्या ड्युअल क्लचची. २०२० नंतरची १.० तीन सिलेंडर, ११० पीएस, मॅन्युअल नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. रोजच्या वापराला दुसरी. अबार्थ पुंटो हौशी माणसानं दुसरी गाडी म्हणून घ्यावी, एकुलती एक म्हणून नको. सुट्या भागांसाठी वाट बघायची तयारी लागते.

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या पुष्कळशा कोल्हापूर-सांगलीकडच्या. तिकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पूर आला, चिकोडी-निपाणी भागातही पाणी होतं. त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळून आत राहणाऱ्या भागावर मातीची रेघ सापडते. स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा, पुढच्या सीटच्या रुळांवर आणि डॅशखालच्या स्क्रूंवर गंज बघा. आत अत्तराचा वास घमघमत असेल तर आणखी नीट बघा.

गाडी बघायला सकाळी लवकर आणि न सांगता जावं. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत यावं. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर टर्बोच्या सील किंवा पिस्टन रिंगांपैकी काहीतरी गेलंय. इनटेकच्या रबरी पाइपांवर ऑईलची पुसट ओल चालते, थेंब लोंबत असतील तर नाही. आधीच्या मालकानं रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलं होतं का ते सरळ विचारा. उत्तरापेक्षा चेहरा बघा. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ती ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालते का ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर वाचून घ्या, कारण पंपावर आता तेच मिळतं.

एमएच-०९ ची गाडी केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ वर आणायची तर तिकडच्या आरटीओचं एनओसी, फॉर्म २८, आधी मागा. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं, असेल तर बँकेचा कागद. इथं गाडीच्या वयाप्रमाणे कर भरावा लागतो आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. हे पैसे सौदा करतानाच किमतीतून कापून घ्या. एजंट "होऊन जातंय की" म्हणतो तेव्हा पूर्ण पैसे हातात देऊ नका.

सायलेन्सर बदलणं, स्प्रिंगा कापून गाडी खाली घेणं, रीमॅप. भाच्यानं हेही विचारलं होतं. नोंदणीच्या कागदाशी न जुळणारे बदल ५२ व्या कलमात बसत नाहीत, वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. पैसे उरलेच तर चांगल्या टायरवर घाला.

गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी यार्डात जाऊन उजेडात बघा, संध्याकाळी हार घातलेली नको. चॅसिस नंबर कागदाशी जुळवा, कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. पाचही टायरांच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३८२५ म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. चार टायर एका तारखेचे आणि पाचवा वर्षभर जुना निघाला तर यार्डातून बाहेर पडायच्या आधीच बदलून मागा, पासिंग झाल्यावर कुणी ओळख दाखवत नाही.